सावलीवर बसलेला चिमटा

दुसरा पेढा तोंडात असताना मला शंका आली. पहिला निवांत खाल्ला होता.

समोर कबनूरच्या कांबळे बाई बसल्या होत्या, निवृत्त शिक्षिका. शेजारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांचे यजमान. बाईंच्या फुफ्फुसात सुपारीएवढी गाठ होती. टीबीचा जुना डाग की कॅन्सर, एवढंच ठरवायचं होतं. कॅन्सर असलाच, तर ऑपरेशननं काढता येईल इतका लहान होता. मी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: निरोगी फुफ्फुस. म्हणून पेढे.

"घ्या की डॉक्टर, लाजताय काय," यजमान म्हणाले.

लाजत नव्हतो. टेबलाच्या काचेखाली हौसेनं ठेवलेली एक एक्स-रे प्रिंट बघत होतो.

ब्रॉन्कोस्कोप म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक, लवचीक, दिव्याची नळी. नाकातून श्वासनळीत जाते. पुढं श्वासनळीच्या फांद्या अरुंद होत जातात आणि नळी अडते. गाठ त्याच्याही पलीकडं. तिथून तारेसारखा चिमटा न बघताच पुढं सरकवायचा. वाट दाखवायला सी-आर्म, म्हणजे चालू एक्स-रे पडद्यावर दाखवणारं मशीन. नव्वदच्या दशकात ते मी राजारामपुरीतल्या एका हाडांच्या डॉक्टर मित्राकडून मागून आणायचो. पडद्यावर चिमट्याचं टोक बरोबर गाठीवर बसलं, तेव्हा मी टेक्निशियनला म्हणालो होतो, "बघ, ह्याला म्हणतात हात." वर प्रिंटही काढून घेतली.

आता प्रश्न असा, की चिमटा गाठीत होता तर त्यात निरोगी फुफ्फुस आलं कुठून? टीबी तरी दिसायला हवा होता.

एक्स-रे ही सावली असते. अंगणातून बघितलं, की तारेवरचा कावळा चंद्रावर बसलेला दिसतो, तसं. पुढचं-मागचं कळत नाही. म्हणून सी-आर्म फिरवून बाजूनंही बघायचं असतं. पेशंटला झोपवायच्या आमच्या टेबलाच्या कडेला लोखंडी पट्टी होती. मशीन फिरवलं की पडद्यावर फक्त पट्टी. मग मी फिरवणंच सोडलं होतं. समोरून दिसतंय की, म्हणायचो.

पेढा गिळला आणि सांगून टाकलं. रिपोर्ट खरा आहे, पण तो चिमटा पोचला त्या जागेचा. गाठीचा नव्हे.

यजमानांनी बॉक्सचं झाकण लावलं. "मग हे आधी का न्हाई सांगितलासा? गल्लीभर वाटून आलोय."

बाईंनी त्यांना हातानंच गप्प केलं. "कुठं चुकलं ते कळलंय न्हवं?"

"कळलंय."

"मग परत करा. अंदाजानं नको."

या वेळी मी मित्राच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये गेलो. त्याच्या टेबलाला पट्टी नव्हती. आधी सीटी स्कॅनच्या फिल्म लावून गाठीकडं जाणारी फांदी शोधली. पण चिमटा मुद्दाम मागच्या वेळच्याच वाटेनं घातला. समोरून बघितलं, तर बरोबर गाठीवर. मशीन फिरवलं, तर अंगठाभर पुढं. केवढा माझा हात! मागची फांदी धरली, दोन्हीकडून खात्री केली, मगच तुकडा घेतला.

कॅन्सरच निघाला. रिपोर्ट वाचून मला आधी बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "काढता येईल ना अजून?" येण्यासारखा होता. पुण्याला ऑपरेशन झालं. बाई पुढं बरीच वर्षं तपासणीला येत राहिल्या, यजमानांना बाहेर बसवून.

मग फुफ्फुसाचा नकाशा दाखवणारी नेव्हिगेशन मशीनं आली. तरुण डॉक्टर मला पडद्यावर दाखवतात, "सर, बरोबर गाठीवर."

मी विचारतो, "बाजूनं बघितलंस काय?"