विंगेतले काका

"पहिलं अक्षर द्यायचं, बस. पुढचं नटानं शोधायचं," असं म्हणत काका विंगेत स्टुलावर टेकायचे. इकडे हिंदी मुलखात, दाना ओलीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग त्यांचंच. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नाटक त्याच्या जिवावर चालतं आणि टाळ्या पडतात तेव्हा तो चपला शोधत असतो.

अलीकडे पहिल्या अक्षरानं भागेना. पोरं "तुला किती वेळा सांगितलं" इथपर्यंत नीट येत आणि "लेकिन तू सुनता कहाँ है" वर घसरत. "ताई, माझ्यादेखत हे नाटक हिंदीत जाऊ नये, एवढंच मागणं आहे बघ," काका म्हणायचे.

माझा मुलगा बीजिंगला नोकरीला. त्याच्याकडे निघाले तेव्हा काकांनाही नेलं. चिनी ऑपेराचं जुनं नाट्यगृह बघायची त्यांना भारी हौस. लाल खांब, नक्षीचं छत, टेबलांवर चहा. काकांनी बूट काढून रंगमंचाला हात लावला आणि नमस्कार केला. रखवालदार बघतच राहिला.

खेळात एक नटी अचानक थबकली. हात वर, नजर रोखलेली, तोंडून शब्द नाही. काका अर्धे उठलेच. "अगं, अडकली पोर. हिचा प्रॉम्प्टर मेलाय कुठे?"

"आजोबा, तिथं थांबायचंच असतं," मुलगा हसला. काका ओशाळून बसले.

मग त्यांना बाजूची पाटी दिसली. तिच्यावर चिनी अक्षरं सरकत होती. मुलगा म्हणाला, "संवाद आहेत. जुनी भाषा इथल्या लोकांनाही नुसती ऐकून कळत नाही." काकांचा चहा तसाच निवला.

पण पुढच्या गणपतीत त्यांनीच मंडळाला तोडगा सुचवला. "बोलणं मराठीत राहू द्या. हिंदी भिंतीवर दाखवा." पोरांनी प्रोजेक्टर लावला, पाठांतरही चोख केलं. एक वाक्य हिंदीत गेलं नाही.

मी नाटकातल्या आईच्या कामात होते. मी तोंड उघडायच्या आत हॉल हसायचा, कारण भिंतीवर वाचून झालेलं असायचं. शेवटच्या अंकात मी खरंच अडकले. काकांनी पहिलं अक्षर दिलं, मग शब्द, मग अख्खं वाक्य. मला सुधरेना. तेवढ्यात टाळ्या पडल्या, बायका डोळे पुसत होत्या. सगळ्यांच्या माना भिंतीकडे.

नंतर काका विंगेतच बसून होते. "ताई, ते वाक्य तू बोललीच नाहीस."

"हो, काका."

"कोणाला कळलंही नाही गं."

त्या थंडीत काका गेले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. यंदाचं नाटकही मराठीतच झालं. विंगेत कोणी नव्हतं. मी मधली दोन वाक्यं विसरले, तरी लोक वेळेवर हसले.