इसरूने पाहिलेली शर्यत

नागभीडपासून चार कोसांवर पिंपळटोला नावाचं गाव, आणि गावाला लागून मालगुजारीच्या काळात बांधलेला मोठा तलाव. तलावाच्या पाळीखाली इसरू ढिवराचं घर होतं. सन चोपन्नच्या पावसाळ्यानंतर शाळेचे वासेकर गुरुजी त्याच्या अंगणात येऊन बसले. म्हणाले, "इसरू, आसपासच्या शाळांच्या पोरांची पोहायची शर्यत घ्यायची म्हणतो. जिंकतील ते चांद्याला जातील, तिथून जमलं तर नागपूरला. बाकी सगळं मी बघतो, पाणी तेवढं तू बघ."

इसरू शाळेची पायरी कधी चढला नव्हता, पण गुरुजींचं बोलणं त्याने मनावर घेतलं. आठ दिवस तो छातीभर पाण्यात उभा राहून कमळाचे देठ मुळापासून उपटत होता. पटवाऱ्याची साखळी आणून गुरुजींनी शंभर यार्ड मोजून दिले. दोन्ही टोकांना इसरूने बांबू ठोकले आणि अंबाडीच्या दोराला वाळलेले भोपळे बांधून पाण्यावर दोन लांब रेघा ओढल्या. शर्यतीच्या दिवशी तो आपला डोंगा घेऊन त्या रेघेच्या बाहेर थांबायचा. पाण्यात किती डोकी उतरली ते मोजायचा आणि शेवटचं डोकं काठाला लागेपर्यंत मोजतच राहायचा.

पाळीवर गुरुजींचा हुकूम चाले, पाण्यात इसरूचा. एकदा एका बड्या घरचा पोरगा नुकताच जेवून आलेला त्याला दिसला. इसरूने त्याला दंडाला धरून बाहेर बसवलं. पोराचा मामा ओरडत आला, तर इसरू एवढंच म्हणाला, "राग येऊ द्या भाऊ. पोट भरून पान्यात नाई जाऊ देत मी." तीन वर्षं शर्यती झाल्या. पोरांना खरचटलंसुद्धा नाही.

इसरूला एकच लेक, सुकरी. चालता येऊ लागलं तेव्हापासून ती बापाबरोबर जाळ्याच्या मागे पाण्यात असायची. सत्तावन्न साली ती तेरा वर्षांची होती. शर्यतीच्या सरावाला आलेल्या पोरांबरोबर ती बाजूने पोहायची आणि सगळ्यांच्या आधी बांबूला हात लावून वर यायची. गुरुजींनी हे दोन-तीनदा पाहिलं आणि एक दिवस म्हणाले, "इसरू, यंदा पोरीचं नाव लिहितो."

गावात कुरबुर झाली. पंचक्रोशीसमोर पोर ओल्या अंगाने बाहेर येणार, उद्या तिचं लग्न कोण करेल, असं लोक म्हणू लागले. सुकरीची आई मंगली दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. इसरू तिसऱ्या दिवशी गुरुजींकडे गेला आणि म्हणाला, "लिहा नाव. पान्याले का समजते, पोरगा का पोरगी."

शर्यतीच्या दिवशी सकाळी पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या शर्यतीत आठजण होते. सात पोरं आणि सुकरी. आखूड लुगड्याचा घट्ट काष्टा आणि वर बापाचा जुना सदरा. पोरांमध्ये लालसू नावाचा एक होता, जंगलातल्या गावचा, आठ कोस चालत आदल्या दिवशी आलेला. नदीच्या डोहात पोहायला शिकलेला, अंगाने काटक. इसरूने त्याचे हात-पाय दाबून पाहिले, काही खाल्लंस का विचारलं. लालसू हसून नाही म्हणाला. पोरगा ठणठणीत होता.

शाळेची घंटा वाजली. आठ डोकी पाण्यात पडली. इसरू डोंग्यात उभा राहून मोजत होता. अर्ध्यावर सुकरी आणि मूलच्या शाळेचा एक दांडगा पोरगा बरोबरीने आले. पाळीवरून कल्ला उठला. कोणीतरी सुकरीचं नाव घेतलं, मग सगळेच घेऊ लागले. ज्या लोकांनी नावं ठेवली होती तीच माणसं तिला हाका मारत होती.

तेव्हा इसरूने मान वळवली. लेकीकडे पाहिलं.

किती वेळ, ते त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. बिडी पेटवायला लागतो तेवढा असेल. सुकरीचा हात बांबूला लागला, पाठोपाठ मूलच्या पोराचा, इसरूच्या छातीतून हसू वर आलं, आणि तो पुन्हा मागे वळला. पाण्यात सहा डोकी असायला हवी होती. पाच होती.

त्याने उडी घेतली. तिसऱ्या बुडीला लालसू हाताला लागला. त्याच्या डाव्या पायाची पिंढरी दगडासारखी घट्ट झाली होती. काठावर त्याला पालथं घातलं, पाठ दाबली, पाणी निघालं, श्वास आला नाही. इसरू दाबतच होता. शेवटी गुरुजींनी त्याचे हात धरले.

तालुक्याहून माणूस आला, त्याने जबाब घेतले. गुरुजी म्हणाले, पायात गोळा आला, कोणाचा दोष नाही, इसरूने तर जिवाची पर्वा केली नाही. खरंच, सगळ्या पाळीचे डोळे जिंकणाऱ्या बांबूवर होते. इसरू कुठे बघत होता ते कोणालाच माहीत नव्हतं.

इसरू म्हणाला, "साहेब, लिहा. मी तिकडे पाह्यत नव्हतो."

तो माणूस म्हणाला, "दुःखात आहे बिचारा," आणि कागदाची घडी घातली.

पाचव्या दिवशी इसरू लालसूच्या गावी गेला. लालसूचा बाप पत्रू मोहाच्या झाडाखाली बसून टोपलीसाठी बांबूच्या कामट्या काढत होता. त्याने इसरूला ओळखलं, बसायला जागा दिली, पाणी दिलं. इसरूने ते पाणी हातात तसंच धरलं.

"पत्रूभाऊ, लोक तुले खोटं सांगतील. माह्यावर पोरायची राखन होती. मी माह्या पोरीकडे पाहून राह्यलो होतो. तेवढ्यात गेला तो."

पत्रूचा विळा थांबला. घरातून लालसूची आई सोमारी दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

मग पत्रूने विचारलं, "तुही पोरगी जितली का?"

"हव."

पत्रूने मान हलवली. "मी असतो तं मीबी पाह्यलं असतं," तो म्हणाला. मग पुन्हा कामटीला विळा लावत म्हणाला, "पन माहा पोरगा तं नाई ना राह्यला. आता जा तू."

सोमारी आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

महिन्याभराने गुरुजी सुकरीला चांद्याला न्यायला आले. तिने आतूनच सांगितलं, "मी नाई येत, गुर्जी." बाप कुठे गेला होता आणि काय सांगून आला ते गावभर झालं होतं, तिच्या कानावर कसं येणार नाही? गुरुजींनी इसरूकडे पाहिलं. पोरीला जा म्हणावं असं त्याला फार वाटलं. पण तोंड उघडलं नाही. ती गेली नाही, आणि पिंपळटोल्याला पुन्हा शर्यतही झाली नाही. वर्षभराने गुरुजींची बदली झाली.

बाप आणि लेक एका घरात राहत होते, एका जाळ्याची दोन टोकं धरत होते, पण त्या दिवसाबद्दल एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. सुकरी आता कमरेइतक्या पाण्याच्या पुढे जात नसे. एकोणसाठ साली आरमोरीकडच्या एका घरी तिचं लग्न झालं. गावाने म्हटलं होतं तसं काही अडलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली. दुपारी मंगली धान वाळत घालायला गेली होती. इसरू ओसरीवर जाळं सांधत बसला होता, सुकरी त्याच्याजवळ येऊन बसली. जाळ्याची फाटकी बाजू तिने मांडीवर ओढून घेतली आणि खाली बघतच विचारलं, "बा, त्या दिशी मी कशी पोहली?"

इसरूची सुई थांबली. दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ते आपण आठवू नये, आपला तो हक्क गेला, असं तो मनाशी धरून होता. पण आठवत होतं सगळं.

"तू पान्यात आवाजच नाई केला," तो म्हणाला. "तो मूलचा पोरगा पानी बदडून राह्यला होता. तुहा हात असा जाये, जसा पान्याचाच आहे. शेवटच्या दहा हातांत तू श्वास नाई घेतला. मले वाटलं, आता घेते, आता घेते." तो थांबला. "लय चांगली पोहली, बाई. लय चांगली."

सुकरीने पदर तोंडाशी धरला. तलावाकडून कोणाच्या तरी म्हशी पाण्यातून बाहेर निघत होत्या, त्यांना हाकणाऱ्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने सुकरीने डोळे पुसले, सुतळी मागितली, आणि दोघं खाली मान घालून जाळं सांधू लागली.