छायाबाई आणि गोणीचा धाक

छायाबाई आमच्या अंगणवाडीत आली तेव्हा मी मनात म्हटलं, ही चार दिवस टिकणार नाय. कुंभिवलीची पोर. बाप हायवेवर पंक्चर काढायचा, हिनं बारावी केली, लग्न होऊन कडावच्या बाजूला आमच्या गावात आली आणि लागली सेविका. मी मदतनीस, धोंडूबाई. बारा वर्षं खिचडी शिजवते आणि पोरं गप्प बसवते. गप्प बसवायचं काम माझं, हे मी तिला पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं.

ती हसली. आणि दुसऱ्या दिवशी माझी छडी गायब. मला विचारलंसुद्धा नाय!

तिची रीतच न्यारी. पोर रडलं की ही बया जमिनीवर बसणार, त्याच्या डोळ्यांत बघता येईल इतकी खाली. एकानं दुसऱ्याला चावलं तर ओरडणार नाय. चावणाऱ्यालाच म्हणणार, "त्याला दुखलंय. ओला फडका आण, आपण लावू." जो जास्त धिंगाणा घालेल त्याच्याकडं ताटं मांडायचं काम. "पळू नका" असं कधी म्हणायची नाय, "चालत या" म्हणायची. मला असा राग यायचा! अगं, पोरांना धाक नको? पण खोटं कशाला बोलू, दोन महिन्यांत पोरं ऐकायला लागली, तीही तिचा आवाज न चढता. त्याचाच जास्त राग यायचा.

एकदा मी म्हटलं, "बाई, तुमी पोरं लाडावून ठेवताय."

ती डाळ निवडत होती. म्हणाली, "धोंडूमावशी, मला लहानपणी टायरच्या खोलीत कोंडायचे. अंधारात. मी शहाणी नाही झाले, खोटं बोलायला शिकले."

मी उठून खिचडी ढवळायला गेले.

पण छडी गेली तरी माझ्याकडं पोशा होता. पोशा म्हणजे वाडीवरचा भंगारवाला, खांद्यावर गोणी टाकून बाटल्या, पत्रे गोळा करत फिरतो. मुंगीसुद्धा मारणार नाय असा माणूस. तरी आमच्या गावातली प्रत्येक आई पोराला सांगते, "गप जेव, नायतर पोशा गोणीत घालून नेईल." बाईनं हे बंद करायला सांगितलं. म्हणाली, "उद्या खरंच वेळ आली तर हे पोर कुणाकडं पळणार?" मी बरं म्हटलं. अंगणवाडीत बंद केलं. घरी माझा नातू रुद्र, चार वर्षांचा, माझ्याच मांडीवर वाढलेला. सून खालापूरला कंपनीत जाते. माझं घर, माझा नातू, तिथं कोण बघतंय?

जानेवारीतला दिवस. बाई कर्जतला मीटिंगला गेलेली. अंगणवाडीत मी एकटी आणि अठरा पोरं. रुद्रनं खिचडीचं ताट पालथं केलं, तेही मुद्दाम, माझ्याकडं बघत. माझं डोकं फिरलं. तोंडातनं निघून गेलं, "थांब, आज तुला पोशाला देऊनच टाकते!"

आणि दारात पोशा उभा. तेलाचे रिकामे डबे न्यायला मीच त्याला बोलावलं होतं, मेली माझी अक्कल! रुद्रनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. रडला नाय, ओरडला नाय. मागच्या दारानं गेला.

मला वाटलं, जाईल कुठं, घरी लपला असेल. सतरा पोरं टाकून मी मागं कशी धावू? पोरं आयांच्या ताब्यात दिली आणि मग घर बघितलं. पडवी, माळा, पेंढ्याची उडवी. कुठं नाय. दोन वाजत आले आणि मला नदी आठवली, कारण दुपारी वीजघराचं पाणी सोडतात. आमची नदी सकाळी नुसती दगडगोट्यांची, लहान पोरही चालत मधे जाईल अशी. दुपारनंतर तीच छातीएवढी होते. रोजचंच हाय ते. आधी आवाज येत नाय. आधी दगड ओले होतात.

अख्खं गाव हाका मारत सुटलं. "रुद्र! ए रुद्र!" तितक्यात पोशा नदीकडनं धापा टाकत आला. माझ्या पुतण्यानं, मनोजनं, त्याची गचांडीच धरली. "पोर कुठं हाय सांग!" पोशा सांगत होता, पण कोण ऐकतंय? दोन कानाखाली बसल्या त्याच्या. आणि मी? मी बाजूला उभी. देवाशपथ, एवढी गप्प मी जन्मात बसले नसेन.

कुणीतरी फोन केला होता, बाईची स्कूटी आली. गाडी तशीच टाकून ती मधे घुसली. "सोडा त्यांना. आणि हाका बंद करा आधी, तो घाबरून लपलाय." मग माझ्याकडं वळली. "मावशी, तो का पळाला? तुम्ही काय म्हणालात?"

सगळं गाव बघत होतं. मी सांगितलं. "पोशाला देते म्हटलं."

ती मला एका शब्दानं बोलली नाय. पोशाला म्हणाली, "दादा, तुम्ही बघितलंत त्याला?"

"नदीत हाय, मोठ्या दगडांमधी," पोशा म्हणाला. त्याच्या ओठातनं रक्त येत होतं. "मी जवळ गेलो की तो अजून आत सरकतो. म्हणून माघारी आलो. माझं कोणी ऐकंना."

आमी पोचलो तेव्हा काठचे दगड ओले झाले होते. रुद्र पात्राच्या मधोमध, काळ्या दगडावर, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. मी धावले. "रुद्र, बाळा, ये रं माझ्याकडं!"

तो उठला आणि मागं सरकला. पोशाला बघून नाय, मला बघून. त्याला देणारी मीच होते ना!

"मावशी, बसा खाली," बाई म्हणाली. मी मटकन बसले. ती स्वतः पाण्याच्या कडेला बसली. आवाज रोजच्यासारखा. "रुद्र, तुला खूप भीती वाटली. आजी चुकीचं बोलली. तुला कोणी कुणाला देणार नाही."

पाणी चढत होतं. मनोज उतरायला निघाला तर तिनं त्याचा शर्ट ओढून खाली बसवलं. दगडाच्या मागं खोल डोह, पोर आणखी दोन पावलं सरकलं असतं तर संपलंच.

"मला पोहता येत नाही, रुद्र. पोशादादांना येतं. ते तुला माझ्याकडं आणतील. पाठीवर बसायचं की कडेवर, ते तू सांग."

किती वेळ गेला देव जाणे. पाणी त्याच्या पावलांना लागलं. एक चप्पल वाहून गेली.

"गोणी नको," तो म्हणाला.

पोशानं खांद्यावरची गोणी काठावर टाकली, दोन्ही हात वर करून दाखवले आणि पाण्यात शिरला. छातीपर्यंत बुडाला.

"कडेवर," रुद्र म्हणाला आणि हात पसरले.

काठावर आल्यावर मी पुढं झाले. "दे रं, माझं लेकरू दे इकडं." रुद्रनं पोशाच्या मानेभोवतीची मिठी घट्ट केली. बाई हळूच म्हणाली, "मावशी, त्याला ठरवू द्या." मग ज्याला आमी घटकाभरापूर्वी मारलं त्याच माणसानं माझा नातू घरापर्यंत नेला, आणि मी मागनं चालले.

तीन महिने झाले. मी पोशाच्या पाया पडले, गावासमोर पडले. बाईनं आजवर एक टोमणा मारला नाय. मारला असता तर बरं वाटलं असतं. रुद्र माझ्या हातचं जेवतो. हाक मारली की येतो, नाय म्हणत नाय. पण दारात थांबतो, आणि आधी माझ्यामागं कोण उभं हाय ते बघतो.