जोडाच्या तारा

विलंबित ख्याल चालू असेपर्यंत हमीदभाई शिलाई मशीनला पाय लावत नसत. तेवढ्या वेळात ते काजं करत, बटणं लावत, हाताने तुरपाई करत. द्रुत सुरू झालं की सुई बाजूला ठेवून नुसते बसत आणि रेकॉर्डिंग संपल्यावरच मशीनची खडखड सुरू होई. भुसावळच्या बाजारातल्या त्यांच्या अरुंद दुकानात घाईचं गिऱ्हाईक त्यामुळे फारसं टिकत नसे.

मी पहिल्यांदा गेले ती वडिलांचा जुना कोट घेऊन. तो नवऱ्याच्या मापाचा करून हवा होता. धुळ्याहून लग्न होऊन इथे आले, शाळेत भूगोल शिकवू लागले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हमीदभाईंनी मान वर न करता स्टुलाकडे बोट केलं. कॅसेटवर कुणा बाईंची तोडी चालली होती. ती संपल्यावर ते म्हणाले, "माफ करा मॅडम. मधेच उठलो असतो तर त्यांचंही नुकसान आणि तुमच्या कोटाचंही."

"छान होती," मी म्हणाले.

"छान तर चहा पण असतो. काय ऐकलं ते सांगा."

मी गोंधळले. मग जे वाटलं तेच सांगितलं, की त्या बाई एका जागी फार वेळ थांबल्या, जणू पुढे जायचं तर आहे पण पाय निघत नाही. हमीदभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दर रविवारी दहा वाजता आम्ही चार-पाच जण ऐकतो. येत चला."

त्या रविवारांची वीसेक वर्षं झाली असतील. दुकान बंद असायचं, शटर अर्धं खाली. कापडाच्या ताग्यांना टेकून बसायचं. कुणीतरी रेकॉर्डिंग आणायचं, आधी कॅसेट, मग सीडी, शेवटी पेनड्राइव्ह. ऐकून झालं की पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग एकेकाने सांगायचं. छान, अप्रतिम, स्वर्गीय हे शब्द चालत नसत. सगळ्यांचं झाल्यावर हमीदभाई बोलत, आणि ते बोलले की विषय संपे.

गाणं ते कधी शिकले नव्हते. वडील मिलादच्या कार्यक्रमात नात, म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं, गात, तेवढंच घरातलं गाणं. पण कान असा, की नावाजलेल्या गायकाचा षड्ज केसभर खाली गेला तरी त्यांच्या भुवया हलत. बोलणं सगळं शिंप्याचं. एखाद्या तानेबद्दल म्हणत, "अंगावर घातलीये, अंगात बसली नाही." उगाच सजवलेल्या ठुमरीबद्दल, "अस्तर महाग, कापड हलकं." आणि एका म्हाताऱ्या गायकाच्या, आवाज फाटलेल्या वयातल्या ललतबद्दल त्यांनी म्हटलं होतं, "कपडा विरला, पण कटिंग बघा मॅडम. कटिंग कुठे गेली नाही."

माणसं बदलीने गेली, काही वारली. टाळेबंदीनंतर आम्ही तिघंच उरलो. तिसरे सावद्याचे चौधरी आबा. केळीचे बागायतदार, सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, बोलणं अगदी कमी. एसटीने यायचे आणि येताना पिशवीत केळी आणायचे. सांगायची पाळी आली की म्हणत, "मले तं नीट सांगता येत नही, पन बरं वाटलं." बरं हा शब्द हमीदभाईंनी आबांपुरता चालवून घेतला होता.

तीन वर्षांपूर्वी आबांना घरात जुन्या स्पूलची टेप सापडली. त्यांच्या तरुणपणी सावद्याच्या घरी एका गायिकेची बैठक झाली होती, तिचं ध्वनिमुद्रण. तंबोऱ्यावर आबांचे थोरले भाऊ होते. पुढे दोन वर्षांतच ते विहिरीवर विजेचा धक्का बसून गेले. त्यांचा एखादा फोटोसुद्धा धड नव्हता. ही टेप आबांनी पुण्याला पाठवली, पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि घरी न ऐकता थेट आमच्याकडे आणली. म्हणाले, "पह्यल्यांदा तुमच्यासंगंच ऐकाचं ठरवलं."

यमन होता. सुरुवातीला माणसांची कुजबुज, भांड्यांचा आवाज, मग तंबोरा. आबांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्याकडेच बघत होते, त्यामुळे हमीदभाईंच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं. ते सारखी मान वळवत होते, खडा लागल्यासारखं तोंड करत होते.

पाच मिनिटांची शांतता झाली. मी गायिकेबद्दल काहीतरी बोलले. आबा नुसते हात जोडून बसले. मग हमीदभाई म्हणाले, "बाई चांगल्या गायल्या. पण तंबोरा बेसूर आहे. जोडाच्या तारा, मधल्या दोन, एका सुरात हव्यात, त्या वेगळ्या वाजतायत. असा तंबोरा मागे घेऊन कोण गाणार? धरणाऱ्याला कान नव्हता."

तंबोरा कुणी धरला होता हे आबांनी येताच सांगितलं होतं. हमीदभाई तेव्हा स्पीकरची वायर जोडत होते, त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. मी ऐकलं होतं. आणखी एक गोष्ट होती. मला तंबोरा सुरात वाटला होता. पण हमीदभाईंना बेसूर वाटला म्हणजे माझाच कान कच्चा, असं मी क्षणात ठरवून टाकलं आणि गप्प बसले.

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. "तो माझा भाऊ," एवढंच म्हणाले, टोपी सारखी केली आणि वाकून शटरखालून बाहेर पडले. त्यानंतर ते आले नाहीत. हमीदभाईंनी फोन केला तर घरचं कुणीतरी उचलून सांगे, आबा मळ्यात आहेत.

हमीदभाईंना वाईट वाटलं, पण मत त्यांनी बदललं नाही. "भाऊ असला म्हणून तार लागत नाही ना मॅडम. खोटं कसं बोलू?" पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांना सगळंच बेसूर वाटू लागलं. आधी त्यांनी माझ्या पेनड्राइव्हला दोष दिला, मग स्पीकरला. नवा स्पीकर आणला, त्यातही तेच. पहिल्या दिवशीची ती तोडी लावली आणि दोन मिनिटांत बंद केली. "हिला कुणी काय केलं?" असं विचारत ते कॅसेट उलटसुलट करून पाहू लागले.

एका रविवारी त्यांनी माझ्या फोनवर तंबोरा लावायला सांगितला. फोन उजव्या कानाला धरला, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. असं पाच-सहा वेळा केलं. फोन माझ्या हातात देऊन ते कापडाच्या गठ्ठ्यावर बसले.

"दोन आहेत," ते म्हणाले. "हा कान एक सांगतो, तो कान दुसरंच सांगतो."

जळगावच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. डाव्या कानाची आतली नस खराब झाली होती, त्या कानाला सूर चढा ऐकू येत होता. बोलणं समजायला फारशी अडचण नव्हती. इलाज नव्हता. बाहेर आल्यावर हमीदभाई पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आबांच्या भावाचा तंबोरा बरोबर होता."

मी तेव्हाही काही बोलले नाही.

दुसऱ्याच दिवशी ते सावद्याला निघाले, मी सोबत गेले. एसटीत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. वादळाने त्यातल्या बऱ्याच आडव्या झाल्या होत्या, त्यांची पानं वाळून तपकिरी पडली होती. हमीदभाई वाटभर हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत होते.

आबा ओट्यावर बसले होते. पाणी आलं, चहा आला. हमीदभाईंनी डॉक्टरांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. "आबा, दोष माझ्या कानाचा. तुमच्या भावाने तंबोरा सुरातच धरला होता. मला माफ करा."

आबांनी कागद वाचला नाही, पण नीट घडी करून परत दिला. "राग नही माझा तुमच्यावर," ते म्हणाले. "तुमी मनचं बोलले. पन हमीदभाई, त्या दिवसापासून मी तो तंबोरा ऐकतो ना, तं मले पन दोन तारा येगळ्याच ऐकू येतात. आधी कसा होता ते आता आठवतच नही."

"माझे कान खराब झालेत आबा. तुमचे चांगले आहेत."

"हो. तुमी सांगता तं आसंल तसं."

निघताना आबांनी आमच्या पिशवीत केळी घातली. एसटीतून भुसावळ आलं तेव्हा हमीदभाई म्हणाले, "उसवलेलं शिवता येतं मॅडम. जळलेल्याचं काय करणार?"

त्यानंतर त्यांनी गाणं ऐकणं बंद केलं. कॅसेटी पुसून, नावं नीट लावून त्यांनी माझ्या घरी पोहोचत्या केल्या. मशीन मात्र आता दिवसभर चाले, तिला थांबवायला काही उरलं नव्हतं. रविवारी मी जात राहिले. त्यांनी एक नवा नियम काढला होता. मी आठवड्यात एक रेकॉर्डिंग घरी ऐकायचं आणि त्यांना येऊन सांगायचं. उजवा कान माझ्याकडे करून ते बसत. "मध्यमावर थांबला की नुसता गेला? थांबला तर किती?" असे प्रश्न विचारत. कधी माझं सांगणं जमत नसे, तेव्हा हाताने थांबवून म्हणत, "माझ्यासारखं बोलू नका. तुम्हाला काय ऐकू आलं तेवढंच सांगा." तंबोरा मला त्याच दिवशी सुरात वाटला होता, हे त्यांना सांगून टाकावं असं दर वेळी मनात येई आणि राहून जाई.

गेल्या फेब्रुवारीत, इस्त्री करता करता छातीत कळ येऊन ते गेले. त्यांच्या मुलीने, नसरीनने शाळेत फोन केला तेव्हा माझा तास चालू होता. दफनाला बायका जात नाहीत. मी घरी जाऊन तिच्या आईजवळ बसले. खुंटीवर कुणाची तरी अर्धी शिवलेली शेरवानी लटकत होती, टाचण्यांसकट.

पंधरा दिवसांनी, मधल्या सुट्टीत, आबा शाळेत आले. व्हरांड्यातल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. नसरीनला भेटून आल्याचं त्यांनी सांगितलं. मग जमिनीकडे बघत विचारलं, "मॅडम, तुमी माझ्या भावाचा तंबोरा नंतर ऐकला का?"

"ऐकला आबा. त्या दिवशी ऐकतानाच फोनवर टेप करून घेतला होता, पुष्कळदा ऐकला. सुरात आहे. जोडाच्या दोन्ही तारा अगदी एक आहेत."

"त्या दिवशी दुकानात कसा वाटला व्हता?"

खोटं बोलणं सोपं होतं. "तेव्हाही सुरातच वाटला होता," मी म्हणाले.

आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"तवा बोलल्या असत्या तं मी तुमचं मानलं असतं," ते म्हणाले. "हमीदभाईंनी पन मानलं असतं."

टोपी डोक्यावर ठेवून ते उठले आणि फाटकातून बाहेर पडून स्टँडच्या रस्त्याला लागले.