ग्रीनलँड मास्तर

ग्रीनलँड मास्तरांनी आयुष्यात एकाच देशाशी वैर धरलं, आणि तो देश त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. महाडच्या शाळेत ते भूगोल शिकवत, मी चित्रकला. वर्गातल्या छापील जगाच्या नकाशात ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसे. मास्तर त्यावर छडी टेकवून शांतपणे सांगत, "हे खोटं आहे. आफ्रिकेत अशी चौदा बसतील." मुलांनी ठेवलेलं नाव त्यांना ठाऊक होतं. मागून कुणी पुटपुटलं, तर न वळता ते "हजर" म्हणत.

हे खोटं कसं घडलं, ते मास्तर पपनस सोलून दाखवत. साल टेबलावर दाबून सपाट केली की कडांना फाटे. "ह्या फटी बुजवायला छापणाऱ्यांनी ध्रुवाकडचे देश ताणले," एवढं सांगून ते फोडी वाटत. त्या तासाला फारसं कुणी गैरहजर नसे.

शेवटी त्यांनी स्वतःच मांजरपाटावर जग काढलं. ध्रुवाकडे जाताना अक्षांशाची रेघ पृथ्वीवर जेवढी आखूड होते, तेवढीच त्यांनी कापडावर आखूड ठेवली. जग वरखाली निमुळतं झालं आणि कडेचे देश कलंडले. रंग भरायला मला बोलावलं.

"मास्तर, अलास्का पार मुरगळलंय," मी म्हटलं.

"मुरगळू दे. प्रत्येकाला त्याची जागा पुरेपूर मिळाली आहे. सपाट कापडावर आकार आणि जागा दोन्ही सांभाळता येत नाहीत. मी जागा सांभाळली."

त्या वर्षी तपासणीला आलेले इंग्रज साहेब नकाशापुढे बराच वेळ उभे राहिले.

"इंग्लंड एवढंसं का?"

"साहेब, तेवढंच आहे."

दुपारी हेडमास्तरांनी नकाशा उतरवायला सांगितलं. "उतरवतो," मास्तर म्हणाले, "पण मग छापीलही उतरवू." लवकरच त्यांच्या पोलादपूरला बदलीचा हुकूम आला. मास्तरांच्या घरी वहिनींनी विचारलं, "पोलादपूर तुमच्या नकाशात केवढं आहे?" मास्तर म्हणाले, "दिसत नाही." वहिनी सामान बांधायला लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला पोलादपूरला गेलो. नकाशा आता घराच्या ओटीवर होता. डोंगरातल्या वाडीवरून बाजाराला आलेली एक म्हातारी तिथे टेकली होती. तिचा मुलगा मुंबईहून बोटीवर चढून मोंबासाच्या बंदरात कामाला गेला होता, आणि बरेच दिवस त्याची खबर नव्हती. मास्तरांनी तिचं बोट धरून मोंबासावर ठेवलं. ती सगळ्या आफ्रिकेवर नजर फिरवत राहिली.

"मास्तर, मुलूख लय मोठा हाय. ह्यात माजा पोर गावंल का?"

देश लहान करून सांगणं मास्तरांना जमणारं नव्हतं.

"मुलूख मोठा आहे, बाई," ते म्हणाले. "पण बंदर लहान आहे. आणि बंदरात सगळे एकमेकांना ओळखतात."

ती दर बाजाराला यायची, बोट ठेवायची आणि जायची. हे मला वहिनींनी सांगितलं, पण नंतर. त्याच वर्षी पावसाळ्यात मास्तर तापाने गेले. मी पोचलो तेव्हा ओटीची भिंत रिकामी होती.

"म्हातारीला दिला," वहिनी म्हणाल्या. "मोंबासा बोटाने पुसून गेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या काय उपयोगाचा?"