पिवळ्या टॅगची चिंगी

सुनंदावहिनींचा फोन सकाळी आला. "भाऊजी, हे गेले हो..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "खात्री केलीत का?" आजही लाज वाटते. पण विलासबरोबर सव्वीस वर्षं काढल्यावर दुसरं काय सुचणार! चाकणच्या आमच्या कंपनीत तो क्वालिटीला, मी प्रॉडक्शनला; म्हणजे साप-मुंगूसच. जरा संशय आला की हा पठ्ठ्या मालाला पिवळा टॅग लावायचा... होल्ड. तपासून हिरवा टॅग लागेपर्यंत त्या मालाला कुणी हात लावायचा नाही. एकदा डिस्पॅचची घाई होती, म्हणून मी गुपचूप टॅग काढून माल लाइनला लावला आणि पकडला गेलो. पुढे आम्ही जिवलग झालो, एकमेकांच्या घरी जेवलो, पण त्याने माझ्यावर विश्वास टाकला नाही तो नाहीच.

रिटायर झाल्यावर त्याला तपासायला चिंगी मिळाली. कासारवाडी स्टेशनबाहेर सापडलेली, पाय मोडलेली, जेमतेम सहा महिन्यांची कुत्री. वाकडची एक मुलगी अशा कुत्र्यांना घरं शोधून देते. "काका, दोनच आठवडे सांभाळा, तोवर कोणीतरी मिळेल," म्हणून तिने हिला विलासकडे सोडलं. दोन आठवड्यांचे आठ महिने झाले. पाय बरा झाला, पण घर काही मिळेना, कारण येणाऱ्या प्रत्येकात विलासला खोट दिसायची. चिंगीचं नेमकं उलट. आल्यागेल्याच्या मांडीवर डोकं ठेवायची, हात चाटायची. चोर आला असता तरी शेपूट हलवत त्याला आत घेतलं असतं. तिच्या पट्ट्याला याने चक्क कंपनीतला एक पिवळा टॅग बांधला होता. मी पोट धरधरून हसलो, तो हसला नाही.

वाकडहून एक जोडपं आलं, बोलायला गोड. "दोघं दिवसभर कामावर. मग ही कुठे, बाल्कनीत?" याने विचारलं. त्या जोडप्यातली पोरगी बिचारी रडवेली झाली. चाकणकडचे एक शेतकरी आले. "उपाशी न्हाई ठेवणार, साहेब. आमच्या घरचंच लेकरू हाय." "साखळी किती फुटांची?" ते हातांनी लांबी दाखवायला लागले. रिजेक्ट! तळेगावचं एक कुटुंब त्यातल्या त्यात पसंत पडलं, चिंगी तिकडे गेलीही, तर चौथ्या दिवशी हा न सांगता त्यांच्या दारात हजर. पाण्याचं भांडं कोरडं दिसलं आणि स्कूटरवर पुढ्यात बसवून चिंगीला परत घेऊन आला.

मला वाटायचं, ही सगळी नाटकं आहेत. याला तिला सोडायचंच नाही, नाव मात्र लोकांचं. तसं मी तोंडावर म्हटलं, तेव्हा कुठे तो बोलला. चिंगीच्या आधी असाच सांभाळायला आलेला एक कुत्रा त्याने एका बोलघेवड्या माणसाला घाईघाईत देऊन टाकला होता. महिन्याने सहज भेटायला गेला, तर तो गच्चीवर, भर उन्हात, दोरीला बांधलेला... वाचला नाही. "मी न तपासता हिरवा टॅग लावला, राव," तो म्हणाला. "आणि ठेवू म्हणतोस, तर माझ्या हृदयाचं हे असं. मी गेल्यावर हिला कोण बघणार?"

"मग मला दे." मुलगी सासरी, आम्ही नवरा-बायको दोघंच घरात, खरं सांगतो, मला ती मनापासून हवी होती. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुला? होल्डचा माल लाइनला लावणारा माणूस तू!" माझं डोकंच फिरलं. चहा तसाच टाकून उठलो. चिंगी जिन्यापर्यंत सोडायला आली, हा आला नाही. ती आमची शेवटची भेट... तो चहा प्यायला हवा होता.

तेराव्यानंतर वहिनींनी मला थांबवून घेतलं आणि चिंगीचा पट्टा माझ्या हातात दिला. "हे म्हणाले होते, मला काही झालंच तर हिला त्याच्याकडेच द्या. फक्त टॅग काढू देऊ नका त्याला." मी टॅग उलटून पाहिला. मागे 'कारण' लिहायला एक ओळ असते. तिथे त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, 'सगळ्यांवर विश्वास ठेवते.' गाढवा, तोंडाने सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? वहिनींसमोर मी हमसून हमसून रडलो.

टॅग तिच्या पट्ट्याला अजून आहे. कडा मळल्यात, पण या वेळी मी तो काढलेला नाही. कधी अवेळी दारावरची बेल वाजते. कोण असेल याचा विचारही न करता चिंगी शेपूट हलवत दाराशी धावते. मी आधी तिच्या पाण्याच्या भांड्याकडे बघतो, ते काठोकाठ भरतो, आणि मगच दार उघडतो.