पाचांतले दोन

फकिरा आमच्या अंगणात कधी एका जागी बसला नाही. अर्ज सांगता सांगता उठायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा. मी बी. ए. झालेली, म्हणून आंधळगावच्या ढिवरांच्या मासेमारी सोसायटीचे अर्ज माझ्याकडूनच लिहून घेत.

सोसायटीत दोन मोहल्ले, वरचा आणि खालचा. प्रत्येकाचा आपला तलाव. कोणत्या तलावात मासोळीचं बीज सोडायचं ते भंडाऱ्याच्या सभेत ठरे, आणि तिथे सोसायटीने दर पाच वर्षांनी निवडलेले पाच प्रतिनिधी जात. अठ्ठ्याहत्तर साली वरच्या मोहल्ल्याला एकाहत्तर मतं पडली, खालच्याला चौसष्ट. रिवाज असा, की ज्याची मतं जास्त, पाचही माणसं त्याची. फकिरा खालचा. त्यानंतर पाच वर्षं त्यांच्या तलावात बीजाचा एक हंडा उतरला नाही. त्याची बायको रेवताबाई दुसऱ्यांच्या बांधीत भाताच्या रोवणीला जाऊ लागली.

पहिल्याच वर्षी तो आला. "लिहा बाई, मतं पाहून वाटा. पाचांतले दोन आमाले द्या."

सोसायटीच्या सभेत अध्यक्ष पुंडलिकराव हसले. "जितला तो जितला, फकिरा. उद्या पडलेल्या सरपंचालेही अर्धी खुर्ची देशील का?"

"मोठं जाळं ओढतो तवा दोरीले हात लावला त्या सगळ्याईले वाटा देता ना जी? मासोळी कोनाच्या बाजूनं घुसली थे पायता का?"

काहींनी माना डोलावल्या. पण हात काही वर झाले नाहीत.

त्र्याऐंशीपर्यंत खालच्या मोहल्ल्यातले बरेच नवे सभासद झाले होते. खालच्यांना ऐंशी मतं पडली, वरच्यांना एकोणसत्तर. आता पाचही जागा फकिराच्या लोकांच्या. नावं पाठवायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत तो चारदा आला आणि काहीच लिहून न घेता गेला. विडी पेटवायचा, ती हातातच विझायची.

एकदा रेवताबाई मागोमाग आली. "बाई, याले समजवा. पाच वर्सं मी दुसऱ्याच्या चिखलात वाकली. आता आपली पाळी आली, तं हा त्याईले दोन जागा वाटत फिरून राहिला!"

"मंग मी तवा खोटं बोललो होतो का वं?"

"तवा आपण हरलो होतो."

तो उठून फाटकापर्यंत गेला, आणि त्या दिवशी परत आला नाही.

पाचव्यांदा आला तो उभ्या उभ्याच म्हणाला, "थोच अर्ज लिहा. फक्त 'आमाले'च्या जागी 'त्याईले' करा."

सभेत त्याचेच लोक ओरडले, "बिकला का रे फकिरा?" वरचा मोहल्ला सगळा आणि खालचे जेमतेम नऊ जण, एवढे हात वर झाले आणि ठराव निघाला. तीन खालचे, दोन वरचे.

भंडाऱ्याला गेलेल्या पाच जणांनी आपापल्या तलावासाठी भांडून बीज निम्मंनिम्मं आणलं. खालचे लोक पन्नास हंड्यांची वाट पाहत होते, आले पंचवीस. त्या साली फकिराला जाळ्यावर कोणी हाक मारली नाही. रेवताबाई रोवणीला जातच राहिली. अर्ज मी लिहिला, म्हणून माझ्याशी ती आजही सरळ बोलत नाही.

आता पुढची निवडणूक जवळ आली आहे. परवा तो रस्त्यात भेटला. मी विचारलं, "पस्तावा होतो का, फकिराभाऊ?"

"एक दिवस होते, एक दिवस नाई होत." त्यानं सायकल वळवली, पुन्हा थांबवली. "ठराव तं काय, उद्या मोडताही येते. पुढच्या खेपेले आमी हरलो, अन् त्याईनं आमचे दोन नाई देल्ले, तं घरी मी तिले काय सांगू, बाई?"

आणि तो पायडल मारत निघून गेला.